मदनमहालच्या टेकडीवरचं अंदमान

जबलपूर, नोव्हेंबर १९६५

ती. भय्यासाहेब यांना रत्नाकरचा साष्टांग नमस्कार. आपले गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे खुशाली आहे, म्हणजे आपली बहीण खुशाल आहे. माझं आपण विचारलेलं नाही, पण विचारलंच असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

नाताळच्या सुट्टीत अंदमानला जाऊन तिथल्या रानात पायी हिंडायचं, ही कल्पना विनताची. शाळेत मुलींना बेटांचा धडा शिकवता शिकवता ते बेट हिच्याच डोक्यात शिरलं. लोक समुद्राकाठी बसायला जातात. हिला समुद्र ओलांडून डोंगर चढायचे! मद्रासहून बोटीची दोन तिकिटंसुद्धा मागवून झाली. मग सराव हवा म्हणून दर रविवारी मदनमहालची टेकडी. माझ्या पाठीवर स्टोव्ह, सतरंजी आणि नर्मदेच्या पाण्याचा डबा. (चारी बाजूंनी पाणी असलेल्या ठिकाणी पाणी कशाला, असं मी विचारून पाहिलं. तर म्हणे, आमच्या माहेरी नर्मदेच्या पाण्याशिवाय कुणी प्रवासाला निघत नाही. मागल्या खेपेला आपण नागपूरला दोन डबे नेलेत, तेही स्टेशनावर मीच उचलले होते, त्यामुळे पुढे बोललो नाही.)

एवढ्यावर भागलं असतं तर हे पत्र लिहिलंच नसतं. पण भूगोलाच्या बाई त्या! त्यांनी टेकडीलाच बेट मानून नकाशा काढला. पायथ्याला ‘बंदर’, मधल्या खडकाशी ‘इथे उतरणे’, माथ्यावर ‘मुख्य तळ’. परवा रविवारी विनता सीताफळं शोधत मागे राहिली, आणि मी तो नकाशा नि दुर्बीण घेऊन दम खात खडकावर बसलो. तिथून आमच्या फॅक्टरीची धुरांडी स्पष्ट दिसतात, हा काय माझा गुन्हा? लढाई थांबली असली तरी लोकांच्या अंगातून ती अजून उतरलेली नाही. आमच्या वस्तीच्या पहारा पथकातला तुळशीराम चौघांना घेऊन आला आणि मला, एकवीस वर्षं त्याच फॅक्टरीत तोफांची चाकं तपासणाऱ्या माणसाला, दंडाला धरून चौकीत नेलं! मी चिडलो तर हात जोडून म्हणतो, “साहब, आपही ने तो सिखाया था।” (सप्टेंबरात वरून हुकूम आला म्हणून मी वस्तीत भाषण दिलं होतं. नकाशा आणि दुर्बीण घेतलेला माणूस दिसला की ओळखदेख न पाहता धरा, असं म्हणालो होतो. पण भाषण इतकं मनावर घ्यायचं असतं का?)

फौजदारांनी विचारलं, नकाशा कुणी काढला? मी खरं ते सांगितलं. माझ्या बायकोने. त्यात माझं काय चुकलं, आपणच सांगा. त्यांनी लगेच दोन शिपाई टेकडीवर पाठवले आणि विनताला पदरातल्या सीताफळांसकट चौकीत आणलं. वाटेत तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलींचे आईबाप भेटले. शेवटी आमचे मोठे साहेब आले, त्यांनी ओळख पटवली, सगळे पोट धरून हसले. मी हसलो नाही. विनताही हसली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “काहून हो, तुम्ही खरंच दुश्मनाच्या हाती लागले असते, तर साऱ्यांची नावं अशीच सांगून राहिले असते का?” तेव्हापासून ताट समोर येतं, शब्द येत नाही.

तेव्हा मीही ठरवलं आहे, अंदमान रद्द. आता कुणी पाया पडलं तरी मी जाणार नाही. फॅक्टरीत दोन दोन पाळ्या चालल्या आहेत आणि देशाला माझी गरज आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला अपमानित मेहुणा,
रत्नाकर

ता. क. रजा मंजूर झाली. देशाचं पंधरा दिवस माझ्यावाचून चालेल, असं साहेबांचं मत पडलं.

आणखी एक ता. क. विनता माझं तिकीट आपल्या धाकट्या बहिणीला, बेबीला देणार आहे. भय्यासाहेब, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आम्ही दोघंच असे कुठेही गेलेलो नाही. मला जायचं आहे हो. विनता आपल्या शब्दाबाहेर नाही. तेव्हा बेबीला बोट लागते, असं तिला लगेच कळवावं. बेबीने अजून समुद्रही पाहिलेला नाही हे मला माहीत आहे. तरी लागते, असं लिहावं.