विहिरीपेक्षा खारे

मुंबई

तीर्थरूप बाबा,

परवा फोनवर तुम्ही विचारलेत, "समुद्राचं पानी आपल्या विहिरीपेक्षा खारं असते काय वं? चाखून पाह्यलं काय?" मी क्षारांची टक्केवारी ऐकवली. "म्हंजे नाही चाखलं," म्हणत तुम्ही हसलात.

तीन वर्षे या महागड्या शहरात एका खोलीत बसून लॅपटॉपवर काम करते आहे. समुद्राला हात आज प्रथमच लावला. चव घेतली. पण आपल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीची चव आठवेना, आणि अर्धवट तुलना मला चालत नाही.

'कंपनी मुंबई सोडू देत नाही' हे मी खोटे सांगत आले. काम आपल्या तेल्हाऱ्याच्या घरूनही होते. हे पत्र पाठवत नाही; बाटलीभर समुद्र घेऊन स्वतःच येते. निकाल तुम्ही द्या.

तुमची,
आचल