समुद्रासमोरची खोली

मननच्या बाबांना नमस्कार.

इकडे न्यूजर्सीत सगळं बढिया आहे. आईंना दवा वेळेवर देता ना? टेकडीवर जाताना काठी न्या.

मनन आणि सूनबाई डिसेंबरात मला बार्बाडोस नावाच्या बेटावर नेताहेत, म्हणून माझं परतीचं तिकीट पुन्हा पुढे गेलं. रागावू नका. देवासच्या माणसाला समुद्र कुठून दिसायचा! तुमच्या नावाचाही नारळ वाहीन म्हटलं, तर सूनबाई म्हणाली, "आई, नारळ मनन वाहील. तुम्ही बाळाजवळ खोलीत थांबा."

ते दोघं दिवसभर किनाऱ्यावर असतील. पण खोली अगदी समुद्रासमोर आहे हं! फक्त बाळ अंधाराशिवाय झोपत नाही, म्हणून पडदे लावलेलेच ठेवायचे आहेत.

देवासकडे डोळे लावून बसलेली,
शशिकला