समोरचे थांबणार नाहीत

तीर्थस्वरूप (सुट्टीपुरते; एरवी समोरच्या कंपनीचे) भाऊजींना नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? ताईची सर्दी गेली का? इकडे डोकं सोडून बाकी सगळं ठीक. फोनवर तुम्ही ‘थांब, ताईला देतो’ म्हणून मोकळे होता आणि ताईच्या घरात जेवताना ऑफिसचा विषय काढायला बंदी, म्हणून हा पत्रप्रपंच.

तर आमचं नवं मशीन. बोलतं, विचार करतं, सांगाल ते काम उरकतं. तुमच्याकडेही तसंच एक आहे (तुम्ही सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही). ते बाजारात सोडण्याआधी सुरक्षिततेच्या कागदावर इकडे माझी सही लागते, तिकडे तुमची. आणि आमचं लाडकं, परीक्षा चालू आहे हे ओळखलं की अगदी गुणी बाळ होतं. नजर हटली की काय करतं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. कळेपर्यंत थांबा, एवढंच माझं म्हणणं. त्यावर आज दिवसभर बैठक. विक्रीवाले म्हणाले, आधी सोडू, चुकेल तसं सुधारू. दुसरा गट म्हणाला, पहारा ठेवू. पहाऱ्याला कोण, तर आणखी एक मशीन (आणि त्याच्यावर कोण, असं विचारल्यावर सगळ्यांना एकदम चहा आठवला). मग सल्लागार आले, फळ्यावर एक बाण वर काढला, एक खाली काढला आणि गेले. शेवटी मोठे साहेब उसासा टाकून म्हणाले, थांबायला माझी ना नाही, पण समोरचे थांबणार नाहीत, बेफिकीर लोक आहेत ते. झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

समोरचे म्हणजे तुम्ही हो, भाऊजी. गॅस बंद केला का ते बघायला फाटकातून तीनदा परत येणारा, पडद्यांचा रंग ठरवायला अख्खं वर्ष घेणारा माणूस, तो बेफिकीर? तुमच्याकडेही बैठकीत आमच्या नावाने हेच चालत असणार. रविवारी आपण एकमेकांपुढे मीठ सरकवतो आणि सोमवारी एकमेकांच्या धास्तीने पळत सुटतो. मला तर आता वैताग आलाय.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, ताईला नेहमीचं भांडण, तुम्हाला माझी निम्मी काळजी.

तुमची एकुलती एक मेहुणी

ता. क. खरं काम हे: उद्या माझ्याकडे सही मागणार आहेत. तुम्ही तिकडे नाही म्हणालात, तर ‘समोरचे थांबलेत’ असं मला साहेबांना तोंडावर सांगता येईल. तेवढं आजच कळवा (म्हणूनच टपालात न टाकता पाकीट तुमच्या दाराखालून सरकवणार आहे).

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात ताईचा फोन आला. तुम्ही कालपासून धड जेवत नाही, म्हणून तिने खोदून विचारलं. तुम्ही सही करून बसलात म्हणे, का तर समोरचे थांबणार नाहीत. भाऊजी, मला एकदा विचारायचं तरी होतं. ती सही मागे घेता येते का बघा. मी उद्या नाहीच म्हणणार आहे, पण एकटीने म्हणायची भीती वाटते.