सॉरीला आपल्या गावात काय म्हणतात

तीर्थरूप आर्मासमामांना कायसूचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामी बऱ्या आहेत ना? इकडे तळ्यावरचा बर्फ वितळला, डास आले, म्हणजे सगळं ठीक आहे. (तुमच्या तळ्याकाठच्या घराची आणि आजोबांनी वाफेच्या अंघोळीसाठी बांधलेल्या लाकडी सॉनाची किल्ली माझ्याकडे सुखरूप आहे.)

मी मात्र एका शब्दापायी मेटाकुटीला आलेय. मी फिनिशमध्ये आणतेय त्या इंग्रजी कादंबरीचा नायक पानोपानी 'सॉरी' म्हणतो. धक्का लागला, सॉरी. ऐकू आलं नाही, सॉरी. कुणाची आजी वारली, तरी सॉरीच. आपल्याकडे मयताला बोलायचं निराळं, सरकारी पत्रात लिहायचं निराळं, आणि 'अन्तेक्सी', माफ करा, म्हणायचं ते खरंच काही करून बसलो तरच. प्रकाशकबाई म्हणाल्या, सगळीकडे अन्तेक्सीच घाला, लोकांना सवय होईल. म्हटलं, आधी गावावर प्रयोग करून बघू, आणि दिसेल त्याला अन्तेक्सी म्हणत सुटले. दुकानदार हिल्याबाईंनी मागच्या खोलीला कुलूप घातलं. माझ्या नवऱ्याने, ओन्नीने, गाडी चारही बाजूंनी वाकून तपासली. शेजारच्या रेइनोने होडी, वल्ही, जाळी सगळं पाहिलं, आणि काहीच गेलेलं नाही म्हणून तो जास्तच काळजीत पडला. शेवटी कॉफीला येऊन बसला आणि दुसरा कप संपवून त्याने विषय काढला.

"कायसू, बोलून टाक. कुणाचं काय केलंस?"

"भाषांतर करतेय."

"ते आम्ही माफ केलं. दुसरं काय?"

बघा मामा, या गावात माणसाला सभ्यपणे वागायचीही चोरी.

तुमची भाची,
कायसू

ता. क. : जूनच्या सणाला याल तेव्हा करवत आणि हातोडा आणा. टॉवेल नकोत.

आणखी ता. क. : शब्द सुचावा म्हणून परवा तुमच्या सॉनाची चूल पेटवली. शब्द सुचला, तो लिहून ठेवायला मी घरी धावले. चूल अजून धडधाकट आहे. तिच्याभोवती जो सॉना होता, तो नाही. (मामींना तुम्हीच सांगा, तुमचा आवाज मऊ आहे.) रेइनो राखेकडे बघून म्हणाला, "म्हणजे हे होतं तर," आणि त्याच्या जिवात जीव आला. आता तो ओंडके तासतोय.

आजोबांचा सॉना, मामा. मला रडूच फुटलं. मयताला म्हणतात ते म्हणावंसं वाटतंय, पण ओन्नी म्हणतो, ते शेजाऱ्यांनी म्हणायचं, तू नाही.

अन्तेक्सी, मामा.