फाटकासमोरील झाडाची जात ठरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : पाने-फुलांवरून झाडाची ओळख पटवून मिळणे व तोडीचा अर्ज रद्द होणेबाबत.
संदर्भ : माझाच मागील महिन्यातील अर्ज (निर्णय प्रलंबित).

महोदय,

सविनय सादर करतो की, पुंडलिकनगरातील माझ्या फाटकासमोरील झाड सुबाभूळ असून त्याचा कचरा नव्या गाडीवर पडतो, असे मी संदर्भीय अर्जात लिहिले होते. परवानगीची वाट पाहण्याइतका दम मला निघाला नाही. गेल्या महिन्यातच एका रविवारी माणूस लावून फांद्या छाटून घेतल्या. त्याचे हात काट्यांनी ओरबाडले. सुबाभळीला काटे नसतात, हे मला तेव्हाच सुचायला हवे होते.

हे झाड शेजारच्या बानाबाईंचे पती कै. मुंजाबा यांनी लावलेले आहे. शेळ्या विकून ते शहरात आले, तेव्हा पैठणकडच्या बांधावरून रोप आणले होते. बानाबाई त्याच्याच सावलीत भाजी विकतात. छाटणी चालू असताना त्या एवढेच म्हणाल्या, "कंचं झाड हाय, मलाबी ठावं नाय सायेब. पर ह्यांनी लावलं व्हतं." मी गाडी पुसत राहिलो.

पुढे देवघर आवरताना दसऱ्याच्या शमीची वाळकी डहाळी हाती लागली. दरवर्षी ती मी शहागंजातून विकत आणून पूजतो. सहज छाटलेल्या फांदीशेजारी धरली. पान तेच, काटाही तोच. झाडावर उरलेल्या एकुलत्या फांदीला पिवळसर तुरे आले आहेत. सुबाभळीला पांढरे गोंडे येतात. तरीही मी जाणकार नव्हे. आपल्या तपासणीत झाड सुबाभूळच ठरल्यास मी आजन्म ऋणी राहीन. अशी विनंती सरकारदरबारी करता येत नाही याची कल्पना आहे, पण मला फार लाज वाटते आहे.

शमी ठरल्यास नियमाप्रमाणे कारवाई व्हावी, माझी हरकत नाही. मात्र झाड पुन्हा फुटेल काय हे कळवावे, आणि त्याचे नाव बानाबाईंना आपणच सांगावे. त्या हल्ली डोक्यावर पदर ओढून उन्हात बसतात. गाडी काढताना माझ्याच्याने तिकडे पाहवत नाही.

आपला नम्र व अपराधी,
बद्रीनाथ सांडू गाडेकर
पुंडलिकनगर, दि. १२ फेब्रुवारी २०२४

सोबत :
१) छाटलेल्या फांदीची पाने.
२) दसऱ्याची डहाळी, पडताळणीसाठी.
३) फूल जोडलेले नाही. तोडायला गेलो होतो. हात पुरेना, म्हणून बानाबाईंनी शेळ्यांना पाला ओढायची जुनी आकडी आणून फांदी माझ्यासाठी वाकवून धरली. मला तोडवले नाही. कृपया येऊन पाहावे.