बाबांची तलवार आणि माझे कान

सेकी, नोव्हेंबर अखेर

ती. हेइसुकेदादा यांस,
धाकट्या तोकुजीचा वाकून नमस्कार. हाकोदातेला बर्फ सुरू झालं असेल. तुमचा गुडघा काय म्हणतो? आई बरी आहे, मुळे दोरीला टांगून वाळवते आहे.

छत दुरुस्त करताना बाबांची लष्करी तलवार फुकटात सापडली, असं तुम्ही फोनवर म्हणालात. खरा खर्च ऐका: माझं चार दिवसांचं जेवण, आमच्या सौ. सावाएची नवी घासणी आणि आईचा माझ्यावरचा विश्वास (हा अजून पुरता संपलेला नाही, म्हणूनच हे पत्र).

ज्याने भंगाराची हातगाडी ओढता ओढता नुसत्या आवाजावरून बीड आणि पोलाद ओळखलं, त्याला तलवार काय अवघड! मी रिसीव्हर जवळ धरून टिचकी मारली, तो टण्ण आवाज तुम्हीही ऐकलात. "तीनशे वर्षांचं पातं!" मी ठोकून दिलं. (बाबा आईला हेच सांगायचे: मूठ आणि पत्र्याचं म्यान तेवढं लष्कराचं, पातं वाडवडिलांचं.) आई लगेच देव्हाऱ्यातल्या बाबांच्या तसबिरीपुढे बसून म्हणाली, "अहो, खरं बोलत होतात की!"

आता कायदा असा, की हाताने घडवलेलं जुनं पातं नोंदवून घरी ठेवता येतं. युद्धातलं कारखानी निघालं, तर सरकार ते मोडून टाकतं. म्हणून आधी पोलीस चौकी. हवालदाराने विचारलं, "तीस वर्षं माळ्यावर होती, आणि कुणालाच दिसली नाही?" "फक्त उंदरांना, साहेब." तो हसला नाही. तपासणी चार दिवसांनी होती; तोवर माझं जेवणच सुटलं.

तपासणीला बाबांची वस्तू गबाळी कशी न्यायची, म्हणून मी मुठीची खुंटी काढून आतला पात्याचा गंजका दांडा घासणीने लख्ख केला. तपासनीस कुझुमी नावाचे म्हातारे गृहस्थ. दांडा पाहून त्यांनी चष्माच काढला.

"हे कुणी घासलं?"

"मीच. जरा स्वच्छ दिसावं म्हणून..."

"अहो, हा गंज म्हणजे तलवारीचा जन्मदाखला! तो तुम्ही भाताच्या पातेल्यासारखा घासलात?"

दादा, पातं जुनं असेल, तर त्याचं मोल मीच मातीत घातलं होतं; नवं असेल, तर ते मोडीत जाणार होतं. देवाकडे नेमकं काय मागावं, तेच कळेना, म्हणून मी दोन्ही मागितलं. कुझुमींनी भिंग लावलं. लख्ख दांड्यावर लष्करी कारखान्याचा बारीक ठसा स्वच्छ दिसत होता.

"घासल्याचा एक फायदा झाला," ते म्हणाले, "ठसा शोधावा लागला नाही."

पातं तिथूनच पोलिसांकडे गेलं. मूठ आणि म्यान मला परत मिळालं.

आपला,
तोकुजी

ता. क. आई रोज विचारते, "पातं कधी येणार?" मी म्हणतो, "साहेबांना फार आवडलंय, सोडत नाहीत." तुम्ही थोरले आहात. नववर्षाला या आणि तुम्हीच सांगा. तिकीट मी पाठवतो.

ता. क. २. बाबांना खोटं पाडू नका. लष्करी मूठ बसवणाऱ्या दुकानदाराने पातं बदलून त्यांनाही फसवलं, असं सांगा.

ता. क. ३. फोनवरचा तो टण्ण आवाज अजूनही तसाच येतो. त्या दिवशी तलवार गंजून अडकली होती, बाहेर निघतच नव्हती. टिचकी मी म्यानाला मारली होती.