नऊ घरांसाठी, गुरुवारच्या आत

मी, राडोस्वेता डोब्रेवा कंचेवा, वय एकतीस, राहणार प्लॉवदिव, बल्गेरिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडं आहे, बुद्धी नाही. माझ्या मेंदूला सूज आहे. उद्या डॉक्टर त्याचा बारीक तुकडा तपासायला काढतील. नंतर मला बोलता येईल की नाही, हे त्यांना सांगता येत नाही. आजच्या स्मरणचाचणीत तीसपैकी अठ्ठावीस गुण पडले. तो कागद सोबत जोडते, कारण माझ्या शुद्धीवर शंका घेणारा माणूस आहे.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा धाकटी बहीण नेव्याना हिला. बाबांची घड्याळदुरुस्तीची हत्यारंही तिलाच. स्वयंपाकघरातलं टेबल विकू नये असं वाटतं, पण तशी अट नाही. शाळेआधी बाबांनी मला त्याच टेबलावर अक्षरं शिकवली. चूक सापडली की ते घड्याळ पुन्हा सगळं उघडायचे, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.

२. मुरंब्याच्या सात बरण्या वॉर्डातल्या परिचारिकांना. साखर कमी पडली आहे, हे आधी सांगावं. त्यांतली झाहारिना या मृत्युपत्राची साक्षीदार आहे, म्हणून तिला बरणी देऊ नये.

३. मेंदूची सूज आणि विस्मरण यांवरच्या एका इंजेक्शनाची चाचणी आमची प्रयोगशाळा घेते. ज्यांची वाचा गेली त्यांच्यासमोर दर आठवड्याला टॅबलेट ठेवतात. तो प्रश्न विचारतो आणि मानेवरून उत्तर टिपतो. तो परदेशात तयार झाला. प्रश्नांचं भाषांतर मी केलं. मानेच्या खुणा तिकडच्याच ठेवल्या: वर-खाली म्हणजे हो, आडवी म्हणजे नाही. आमच्याकडे हो म्हणताना मान आडवी हलते, नाही म्हणताना हनुवटी वर जाते. हे इथल्या तान्ह्या पोरालाही कळतं. पण मी चार वर्षं जर्मनीत शिकून आले होते. बाबा चिडवायचे, "भाषा आणलीस ती आणलीस, मानही तिकडचीच लावून आलीस."

बाबांना हाच आजार होऊन वाचा गेली, तेव्हा त्या चाचणीत त्यांना मीच घातलं. मार्चमध्ये ते गेले. सप्टेंबरमध्ये मी चित्रण पाहिलं. इंजेक्शन चालू ठेवायचं का, या प्रश्नाला अकरा आठवडे, अकरा वेळा, त्यांची हनुवटी वर गेली. यंत्राने अकरा वेळा 'हो' लिहिलं. इंजेक्शनाने ते गेले असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. ते नको म्हणत होते, एवढं माहीत आहे.

४. प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक झानेव्ह यांना मी हे लगेच सांगितलं. पहिले निकाल छापून आलेत, आता माना मोजत बसू का, असं त्यांनी विचारलं. माझ्या आजाराचं निदान झाल्यावर म्हणाले, "संशय येणं हे या सुजेचंच लक्षण आहे, पोरी. तूच लिहिलंयस." ते खरं आहे, चाचणीच्या माहितीपत्रकात मीच तसं लिहिलं आहे. म्हणून बाबांचं चित्रण शेजारच्या दिमाना मावशींना दाखवलं. त्या तंबाखूच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. पहिल्याच वेळी म्हणाल्या, "तुझा बाप, डोब्री, नको म्हणतोय. यात डॉक्टर कशाला हवा?"

चूक माझ्या आजारपणामुळे झाली, असं लिहिलेला कागद प्राध्यापकांनी सहीसाठी पाठवला आहे. तो सहीविना परत द्यावा. माझ्याकडून त्यांना बाकी काही नाही. नीतिसमितीला दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही.

५. अजून नऊ जणांना इंजेक्शन चालू आहे. त्यांची नावं बंद लखोट्यात आहेत. गुप्ततेचा नियम मी जाणूनबुजून मोडते आहे. दोष माझा, नेव्यानाचा नाही. तिने घरोघर जावं, शेजारी बसावं, प्रश्न तोंडाने विचारावा आणि उत्तर घरच्यांसमोर लिहून घ्यावं. ती म्हणते, "ताई, मी पाव भाजणारी बाई, मला कोण विचारतंय?" म्हणूनच ती हवी. तिची मान इथलीच आहे.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, हे मला ठाऊक आहे. हे तसं ठेवू नये. पुढची इंजेक्शनं गुरुवारी सकाळी आठला आहेत, आणि तोवर मी मरेनच असं नाही. हे आजच उघडावं.

प्लॉवदिव, मंगळवार, १४ नोव्हेंबर २०२३
राडोस्वेता कंचेवा (सही)

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथे साक्षीदार लागत नाहीत. तरी दोघींना बसवून सगळं वाचून दाखवलं.
दिमाना रुसेवा (सही)
झाहारिना तोनेवा, परिचारिका (सही)